टोकन देण्याआधी गल्लीला विचारा

मे महिना सरत आला की पुण्याच्या रस्त्यांवर सामानाचे टेम्पो दिसू लागतात. लातूर, नांदेड, जळगाव, अकोला, सोलापूर, कुठकुठल्या पासिंगच्या गाड्या. वर गाद्या, कूलर, दोरीने बांधलेली मुलाची सायकल. एकीकडे कंपनीत रुजू व्हायची तारीख, दुसरीकडे गावच्या शाळेतून काढायचा दाखला, आणि घर शोधायला मध्ये फार तर एक शनिवार-रविवार. तेवढ्यात घर ठरतं. कित्येकदा तेवढंही बघितलं जात नाही. एजंटने व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवलेला असतो, "साहेब, अजून दोन पार्ट्या मागे आहेत" असं सांगितलेलं असतं, आणि बसल्या जागेवरून टोकनचे पैसे गेलेले असतात.

ही घाई थांबावी म्हणून हे लिहिते आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, चाकण, तळवडे, जिथे कुठे नोकरी लागली असेल आणि बायकामुलांना, आईवडिलांना घेऊन तुम्ही पुण्यात येत असाल, तर कळकळीची विनंती आहे: त्या गल्लीतल्या चार माणसांशी बोलल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि आम्ही जे आधीपासून इथे राहतो, त्या सगळ्यांना दुसरी विनंती आहे, ती पुढे करते.

मुलीसाठी स्थळ पाहताना आपण किती चौकशी करतो! पाहुण्यांतल्या पाहुण्यांना फोन जातात, गावातल्या शिक्षकाला विचारलं जातं. ज्या घरात तीच मुलगी दहा वर्षं वाढणार, त्या घराबद्दल मात्र आपण भाडं, पार्किंग आणि लिफ्ट एवढं विचारून गप्प बसतो.

पहिला प्रश्न पाण्याचा. नळाच्या पाण्याचं नंतर बोलू, आधी पावसाचं. २५ जुलै २०२४ला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतली माणसं झोपेत होती. खडकवासल्यातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत पाणी सोडलं गेलं आणि सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, लष्कराला बोलवावं लागलं. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन जण गेले. त्याच्या पाच वर्षं आधी, २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री, नदी तर सोडाच, एका ओढ्याने शहर हादरवलं होतं. कात्रजकडून सहकारनगर, दत्तवाडीमार्गे मुठेला मिळणारा आंबिल ओढा काही तासांच्या पावसात फुगला, सीमाभिंती पाडत घराघरांत घुसला. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं दगावली. त्या दिवशी सकाळी त्या ओढ्याकडे कुणी पाहिलं असतं, तर नेहमीची सांडपाण्याची धारच दिसली असती.

म्हणून उन्हाळ्यात घर बघायला आलेल्या माणसाला पुणं फसवतं. मे महिन्यात ओढा दिसतच नाही. कुठे त्यावर स्लॅब टाकलेला असतो, कुठे त्याला पाइपात घातलेलं असतं, कुठे त्याच्या कडेला जॉगिंग ट्रॅक झालेला असतो. बाणेरची देवनदी, बावधन-पाषाणची रामनदी, वानवडीकडचा भैरोबा नाला ही नावं एजंटच्या तोंडून कधी येत नाहीत. "गार्डन व्ह्यू" येतो.

पूर येऊन गेलेल्या इमारतीत काय बघायचं, ते सांगते. फ्लॅटमध्ये नंतर जा, आधी पार्किंगमध्ये उभे राहा. विजेच्या मीटरच्या पेट्या कुठल्या उंचीवर आहेत ते बघा. इमारत जुनी, पण पेट्या डोक्याच्याही वर आणि त्यांच्याखाली भिंतीत बुजवलेल्या खिळ्यांच्या, पट्ट्यांच्या खुणा, असं दिसलं तर पेट्या मागाहून वर नेल्या आहेत. उगीच कुणी तो खर्च करत नाही. भिंतीचा रंग एका सरळ रेषेत, गुडघ्याएवढ्या किंवा कमरेएवढ्या उंचीपर्यंत फुगलेला, पोपडे आलेला आहे का? लिफ्टच्या दाराच्या खालच्या पट्टीला गंज आहे का? पाण्याच्या टाकीची झाकणं नव्याने उंच बांधली आहेत का? मग वॉचमनला शांतपणे विचारा, "काका, चोवीसच्या जुलैमध्ये पाणी कुठपर्यंत होतं?" आलं होतं का, असं विचारू नका. कुठपर्यंत होतं, असंच विचारा. माणूस हात लावून दाखवतो.

पूररेषा हा शब्द घर घेणाऱ्या आणि भाड्याने राहणाऱ्या दोघांनीही शिकून घ्यायला हवा. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची पातळी ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती लाल. जलसंपदा विभागाने आखलेल्या या रेषा महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशांवर असतात, आणि ते नकाशे बघायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगीच नाही. तरी बांधलं जातं, विकलं जातं. मे २०२५मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या काठी निळ्या रेषेत उभे राहिलेले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडले. त्यातल्या कित्येक घरमालकांनी आयुष्याची पुंजी घालून जागा घेतली होती, कर्ज काढलं होतं. विकणाऱ्याने पैसे घेतले आणि तो मोकळा झाला, घर राहणाऱ्याचं गेलं. तुम्ही विकत घेत असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशे आणि चालू खटले वाचा. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात आल्याशिवाय "पझेशन झालंय" या शब्दावर विश्वास ठेवू नका.

आता पिण्याचं पाणी. जानेवारी २०२५मध्ये गुइलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण पुण्यात एकामागून एक सापडू लागले. आज चालणारा माणूस दोन-चार दिवसांत हातपाय हलवेनासा व्हायचा, काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं, काही दगावले. संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. रुग्णांचा मोठा गट नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्यालगतच्या, महापालिकेत नंतर आलेल्या भागांतला होता आणि तपासाचा रोख दूषित पाण्याकडे गेला. खासगी आरओ प्लांटच्या पाण्याचेही नमुने खराब निघाले.

ही नंतर आलेली गावं हा पुण्यात येणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण परवडणारी घरं तिथेच आहेत. २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं महापालिकेत आली. इमारती आधी आल्या, जलवाहिनी, ड्रेनेज, रस्ते यांची वाट लोक अजून बघताहेत. हिंजवडी, माण तर अजून ग्रामपंचायतीतच. तेव्हा "पाणी चोवीस तास आहे" या उत्तरावर थांबू नका. ते पाणी कुठून येतं ते विचारा. महापालिकेचं किती, बोअरचं किती, टँकरचं किती? टँकर कुठे भरतो? टाकी शेवटची कधी धुतली? एप्रिल-मेमध्ये टँकरसाठी माणशी किती जादा वर्गणी निघाली? सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त वाचायला मागा. ते देणारी सोसायटी बहुधा नीट चाललेली असते. घरात बाळ असेल तर पाणी उकळूनच द्या, हेही जाता जाता सांगते.

तिसरी गोष्ट रस्ता, आणि इथे आईबापांनी स्वतःच्या पायांनी जावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. सकाळी सात वाजता घराच्या फाटकापासून शाळेच्या बसच्या थांब्यापर्यंत, नाहीतर शाळेपर्यंत, मुलाचा हात धरून एकदा चालत जा. नकाशावर सहाशे मीटर दिसणारं अंतर पायी कसं आहे ते तेव्हाच कळतं. फूटपाथ सलग आहे की मध्ये डीपीची उघडी पेटी आणि पावभाजीची गाडी आहे? सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने दुचाक्या येतात का? आणि डंपर, हायवा, सिमेंटचे मिक्सर किती जातात? जिथे शेजारी चार टॉवर उठताहेत तिथे ते दिवसरात्र जाणार. डिसेंबर २०२४मध्ये वाघोलीत केसनंद फाट्यावर मध्यरात्री डंपर फूटपाथवर चढला आणि तिथे झोपलेल्यांपैकी तिघांचा जीव गेला, त्यात दोन चिमुकली मुलं होती. ती कुटुंबंही अमरावतीकडून कामासाठीच पुण्यात आली होती. त्यांना फ्लॅट शोधायचा नव्हता, रात्रीपुरता आसरा हवा होता. नोकरीसाठी शहरात येणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लॅपटॉपची बॅग येते. या माणसांचं येणंही तेच आहे, आणि त्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी काम देणाऱ्या ठेकेदाराची आणि शहराची आहे, हे इथे ठामपणे म्हणायला हवं.

महामार्गाला लागून घर घेणाऱ्यांनी नवले पुलाचं नाव लक्षात ठेवावं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका ट्रकमुळे ४८ वाहनांचं नुकसान झालं, आणि तिथले अपघात त्याने संपले नाहीत. ऑफिस जवळ म्हणून महामार्गाच्या पलीकडे घर आणि अलीकडे शाळा, अशी मांडणी करू नका. ऑफिसला तुम्ही अर्धा तास जास्त प्रवास करा. मुलाची शाळा आणि दवाखाना मात्र रस्ता न ओलांडता गाठता आला पाहिजे.

हाच रस्ता रात्री साडेनऊला पुन्हा बघा. घरातली बाई, मुलगी कॅबमधून किंवा पीएमपीच्या शेवटच्या बसमधून जिथे उतरणार तिथून घरापर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर. दिवे लागतात का, की खांब नुसतेच आहेत? एखादं मेडिकल, दूध डेअरी, किराणा उघडं असतं का? मोकळ्या प्लॉटला पत्रे ठोकलेली लांबलचक, बिनदाराची भिंत आहे का? माझ्या मते पुण्यातल्या सुरक्षित गल्लीची सगळ्यात चांगली खूण म्हणजे रात्री दहापर्यंत उघडं असणारं किराणा दुकान आणि त्याच्या पायरीवर बसलेली दोन म्हातारी माणसं. सीसीटीव्ही असावेतच, पण कॅमेरा कुणाला हाक मारत नाही.

आता एक अवघड गोष्ट. "एरिया सेफ आहे का?" असं विचारलं की बरेचदा "इथे सगळे आपलेच लोक आहेत" असं उत्तर मिळतं, आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं. जात, धर्म, भाषा यावर वस्तीची सुरक्षितता ठरवायची ही सवय मोडायला हवी. ती अन्यायाची आहेच. वर, खरे प्रश्न विचारायचे राहून जातात ते वेगळंच. आंबिल ओढ्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा त्याने कुणाचं आडनाव वाचलं नाही. घर देताना आडनाव ऐकून फोन ठेवणाऱ्या मालकांना माझं सांगणं आहे की तुम्ही तुमची इमारत सुरक्षित करत नाही, एका कुटुंबाला निळ्या रेषेतल्या, टँकरवरच्या घराकडे ढकलता आहात.

सोसायट्यांच्या कमिट्यांना तर आजच, पावसाआधी, सांगायचं आहे. २९ जून २०१९च्या मध्यरात्री कोंढव्यात एका गृहसंकुलाची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. दोन-तीन दिवसांत आंबेगावात तशाच भिंतीखाली सहा मजूर गेले. तुमच्या भिंतीला तडा आहे का, ती बाहेर कलली आहे का, पाणी झिरपायला भोकं ठेवली आहेत का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बघून घ्या. भिंतीच्या पलीकडे राहणारा माणूस तुमच्या सोसायटीला मेंटेनन्स देत नाही, म्हणून त्याचा जीव स्वस्त नाही. आगीच्या व्यवस्थेचंही तसंच. कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा, आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, अग्निशमन दलाला द्यायचा असतो. भाडेकरूने तो बघायला मागितला तर रागावू नका, दाखवा. आणि भाडेकरूंनो, फायर डक्टचं दार उघडून आत होजपाइप आहे की झाडू, एवढं तरी बघा.

कागदाचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, तो ११ महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नुसती नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला ते खोडून काढावं लागतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याचं कामही टाळू नका, ते दोघांच्याही हिताचं आहे. शिवाय गेट पासचे पैसे, घर बघायला टोकन, "मी लष्करात आहे, बदली झालीय, क्यूआर कोड स्कॅन करा" अशा नावाखाली घर न दाखवता पैसे मागणारे सगळे भामटे समजा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर तक्रार करा, उशीर केला तर रक्कम पुढे सरकते.

घाईचं मूळ बहुतेक वेळा शाळेत असतं. "प्रवेश बंद होतील" या धास्तीने आईबाप शाळेजवळचं मिळेल ते घर धरतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. मूल वयाप्रमाणे वर्षात कधीही शाळेत जाऊ शकतं. शाळा मान्यताप्राप्त आहे का ते मात्र बघा, यू-डायस क्रमांक विचारा. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, ती वाचा. पंधरा दिवस उशिरा शाळेत गेल्याने मुलाचं काही बिघडत नाही.

कंपन्यांच्या एचआर विभागांनाही विनंती आहे. कुटुंबासह येणाऱ्या माणसाला रुजू होताना दोन-तीन आठवडे राहायची तात्पुरती सोय द्या, किंवा तेवढे दिवस घरून काम करू द्या. सोमवारी रुजू हो म्हणून सांगितलेला माणूस रविवारी चुकीचं घर घेतो. मग तोच जुलैत गुडघाभर पाण्यातून तुमच्या कॅबची वाट बघत उभा राहतो.

कुणी म्हणेल, हे सगळं ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी झालं. आठ-दहा हजारांत घर शोधणाऱ्याने काय करायचं? मला मान्य आहे की त्याच्यापुढे पर्याय कमी आहेत, आणि परवडणारं घर सुरक्षित जागी मिळणं ही सरकारने उत्तर द्यायची गोष्ट आहे. तरी त्या भाड्यातही तळमजल्याऐवजी पहिला मजला घेता येतो. ओढ्याकडची खोली सोडून रस्त्याकडची घेता येते. उघड्या डीपीला लागून असलेली चाळ टाळता येते. गल्लीतल्या माणसांशी बोलायला तर पैसेच लागत नाहीत.

आणि आता ती दुसरी विनंती, पुणेकरांना. कुणाच्या घरात पाणी शिरलं, कुठल्या टाकीचं पाणी पिऊन मुलं आजारी पडली, कुठल्या वळणावर दर महिन्याला अपघात होतो, हे आपल्याला माहीत असतं. तरी कुणी विचारलं की आपण म्हणतो, "छान एरिया आहे." भाव पडतील, फ्लॅट विकला जाणार नाही, सेक्रेटरी नाराज होईल, म्हणून आपण गप्प बसतो. किराणा दुकानदार, इस्त्रीवाले, रिक्षावाले, पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी, वॉचमनकाका, तळमजल्यावरच्या आजी, तुम्हा सगळ्यांना सांगणं आहे: हातात मुलाचं बोट धरून कुणी अनोळखी माणूस "इथे राहायला कसं आहे?" विचारत दारात आला, तर दोन मिनिटं द्या आणि जे आहे ते सांगा. पाण्याची खूण दाखवा. कुठला रस्ता रात्री टाळायचा ते सांगा. सोसायट्यांनी पूर कुठपर्यंत आला होता त्याची तारखेसह पट्टी पार्किंगच्या भिंतीवर रंगवावी. ती खोडून नवा रंग देणारी कमिटी पुढच्या भाडेकरूच्या जिवाशी खेळते आहे.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतील आणि पाऊसही त्याच सुमारास येईल. या पंधरवड्यात तुमचा भाऊ, भाची, मित्र, गावाकडचा कुणी पुण्यात घर बघत असेल तर आज त्याला फोन करा. तो टोकन द्यायच्या बेतात असेल, तर एक दिवस थांबायला सांगा आणि शक्य असेल तर त्याच्याबरोबर त्या गल्लीत जा.